गाडीत हजारो गाणी: पेनड्राईव्हची मांडणी, फोनची जोडणी आणि जुन्या टेपची सोय

बेळगावातून गाडी कुठल्याही दिशेला काढा, गाणी ऐकायला वेळ भरपूर मिळतो. कोल्हापूर साधारण ११० किलोमीटर, धारवाड ७५ आणि गोव्याला जायचं तर चोर्ल्याचा नाहीतर अनमोडचा घाट. याच रस्त्यांवर नेटचा मात्र भरवसा नसतो. जांबोटी मागे पडली की कणकुंबी आणि पुढे चोर्ल्यापर्यंत रेंज येते-जाते, लोंढ्याच्या जंगलातही तेच. ऑनलाइन ॲपवर लावलेलं गाणं ऐन कडव्यात थांबतं. म्हणून ज्यांच्याकडे स्वतःचा संग्रह आहे, म्हणजे सीडीवरून उतरवलेला, कॅसेटवरून भरून घेतलेला किंवा विकत घेऊन डाउनलोड केलेला, त्यांनी तो गाडीत न्यावाच.

आपल्या भागातल्या घरांमधला संग्रह तसा सरळ नसतो. अभंग, नाट्यगीतं, भावगीतं, हिंदी सिनेमाची गाणी, आणि त्यांच्या शेजारी कन्नड संतांची दासपदं आणि वचनं. शास्त्रीय संगीत तर घरचंच. कुमार गंधर्व १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मले, मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडजवळच्या मन्सूर गावचे, भीमसेन जोशी गदगकडचे. एकच गायक मराठी अभंगांच्या फोल्डरातही असतो आणि कन्नड पदांच्याही. अशी पाच-दहा हजार गाणी तशीच पेनड्राईव्हवर ओतली तर गाडीत हवं ते सापडत नाही, आणि तीच ती पंधरा-वीस गाणी पुन्हा पुन्हा वाजत राहतात.

माझं मत ठाम आहे. आपल्या रस्त्यांसाठी साधा पेनड्राईव्ह पहिला, फोन दुसरा, बाकी सगळं त्यानंतर. आणि दोन्हीसाठी खरं काम घरी टेबलाशी बसून करायचं असतं. गाडी चालू असताना स्क्रीनवर शोधाशोध करावी लागली, तर मांडणीत काहीतरी राहिलंय असं समजावं.

आधी टेपची परीक्षा घ्या

गाडीचा टेप, म्हणजे डॅशबोर्डवरची म्युझिक सिस्टीम, काय वाजवतो आणि काय नाही, हे कळल्याशिवाय एकही गाणं कॉपी करू नका. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात ऑडिओचं प्रकरण असतं. तिथे चालणारे फाईल-प्रकार, फोल्डरांची आणि फाईलींची कमाल संख्या दिलेली असते. पुस्तक हरवलं असेल तर कंपनीच्या साइटवर ते बहुतेक वेळा मिळतं. तरी माझा भर प्रत्यक्ष चाचणीवर आहे, कारण पुस्तकात न लिहिलेल्या गोष्टीच जास्त त्रास देतात.

एक जुना, लहान पेनड्राईव्ह घ्या आणि त्यावर मोजक्याच फाईली टाका. एक एमपीथ्री ३२० केबीपीएसची (केबीपीएस म्हणजे सेकंदाला किती किलोबिट), एक व्हेरिएबल बिटरेटची, म्हणजे हा आकडा कमी-जास्त होत राहणारी, एक एम४ए, एक फ्लॅक (दर्जा न घटवता दाबलेली), एक ओपस किंवा ऑग. एका फाईलचं नाव देवनागरीत ठेवा. दुसरीचं नाव रोमन लिपीत, पण आतला टॅग, म्हणजे फाईलमध्येच लिहिलेलं गाण्याचं नाव, देवनागरीत. एक गाणं फोल्डराच्या आत फोल्डर असं चार-पाच पातळ्या खाली ठेवा. एक फाईल तासाभराची घ्या. शेवटी, मुद्दाम उलट्या क्रमाने कॉपी केलेली तीन गाणी: आधी ०३, मग ०२, मग ०१.

आता हा पेनड्राईव्ह गाडीला लावा आणि वहीत लिहीत जा. कुठली फाईल वाजलीच नाही? नावं कशी दिसली? तीन गाणी ०१-०२-०३ अशी वाजली की ज्या क्रमाने कॉपी केली त्या? तासाभराच्या फाईलमध्ये मधेच गाडी बंद करून पुन्हा चालू केली तर गाणं तिथूनच सुरू झालं की पहिल्यापासून? फ्लॅक नवे टेप बऱ्याचदा वाजवतात, जुने नाही. ओपस आणि वेबएम बहुतेक गाड्यांमध्ये मुकेच राहतात. हे सगळं समजायला अर्धा तास पुरतो आणि पुढचे कित्येक तास वाचतात.

यूएसबीची जागाही तपासा. काही गाड्यांत दोन-तीन पोर्ट असतात, पण गाणी त्यातल्या एकाच पोर्टवरून वाजतात, बाकीचे नुसते चार्जिंगचे. ज्या पोर्टवर यूएसबीची त्रिशूळासारखी खूण किंवा संगीताची खूण असते, तो बहुधा डेटाचा. नुसती विजेची खूण असेल तर तो चार्जिंगचा. नव्या गाड्यांत फक्त टाइप-सी असेल तर दोन्ही टोकांचा पेनड्राईव्ह घ्यावा. अडॅप्टर घाटात सैल होतो.

जागा किती लागते

हिशोब सोपा आहे. १२८ केबीपीएसची एमपीथ्री तासाला सुमारे ५८ एमबी घेते, ३२० ची १४४ एमबी. सीडीच्या दर्जाची फ्लॅक गाण्याप्रमाणे तासाला २५० ते ४०० एमबी. म्हणजे ६४ जीबीच्या पेनड्राईव्हवर ३२० च्या दर्जात जवळपास ४४० तास बसतात. पाच मिनिटांचं एक गाणं धरलं तर पाच हजारांहून जास्त गाणी.

घरी फ्लॅक जपून ठेवा, गाडीसाठी त्यापासून २५६ किंवा ३२० ची एमपीथ्री करा. इंजिनाचा आणि रस्त्याचा आवाज चालू असताना फ्लॅक आणि अशा एमपीथ्रीतला फरक कानाला कळत नाही. जागा मात्र बरीच कमी लागते आणि फाईल कुठल्याही टेपवर वाजते. एक गोष्ट करू नका: मुळात १२८ ची फाईल ३२० मध्ये बदलू नका. जे स्वर आधीच गेले आहेत ते परत येत नाहीत, फाईल तेवढी फुगते. रूपांतरासाठी फूबार२००० किंवा एफआरई-एसी हे मोफत प्रोग्रॅम पुरेसे आहेत. ऑनलाइन ॲपमध्ये ‘डाउनलोड’ केलेली गाणी या कामाला येत नाहीत. ती कुलूपबंद असतात, त्या ॲपबाहेर कुठेच वाजत नाहीत.

मोठा संग्रह म्हणून लगेच पाचशे जीबीचं किंवा एक टीबीचं साधन घेऊ नका. बरेच टेप गाडी सुरू झाली की अख्खा पेनड्राईव्ह वाचत बसतात. हजारो फाईली असल्या की पहिलं गाणं वाजायला दोन-चार मिनिटं जातात, आणि फाईलींची मर्यादा ओलांडली असेल तर पुढचं सगळं दिसतच नाही. एका मोठ्या ड्राईव्हपेक्षा ३२ किंवा ६४ जीबीचे दोन-तीन ठेवलेले बरे: एक घाटाचा, एक हायवेचा, एक घरच्यांचा. फिरती हार्डडिस्क तर गाडीत नकोच. आतली तबकडी खड्ड्यांना सोसत नाही आणि गाडीच्या पोर्टमधून तिला पुरेशी वीजही मिळेल असं नाही. मोठीच जागा हवी असेल तर छोटी एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क, चालते.

बाजारात अगदी स्वस्तात ‘१ टीबी’, ‘२ टीबी’ लिहिलेले पेनड्राईव्ह मिळतात, त्यातले बरेचसे बनावट असतात. कॉम्प्युटर त्यांची जागा मोठी दाखवतो. खरी जागा भरली की पुढची गाणी कॉपी झाल्यासारखी वाटतात, पण असतात रिकामी. घेतल्या घेतल्या विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफथ्री चालवून पूर्ण जागा तपासा. पावती असेल तर परत करता येतो.

फॉरमॅट

फॉरमॅट म्हणजे ड्राईव्हवर फाईली मांडून ठेवायची पद्धत. बहुतेक टेपना फॅट३२ लागतं. काही नव्यांना एक्सफॅट चालतं, एनटीएफएस क्वचितच. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत ३२ जीबीपेक्षा मोठ्या ड्राईव्हला फॅट३२ चा पर्याय सहसा दिसत नाही. ती विंडोजची मर्यादा आहे, फॅट३२ ची नव्हे. रुफस हा मोफत प्रोग्रॅम उघडा, ‘नॉन बूटेबल’ निवडा, विभागणी एमबीआर (मास्टर बूट रेकॉर्ड) ठेवा, फाईल सिस्टीम लार्ज फॅट३२ घ्या आणि सुरू करा. मॅकवर डिस्क युटिलिटीत ‘एमएस-डॉस फॅट’ आणि ‘मास्टर बूट रेकॉर्ड’ हे दोन पर्याय निवडावे लागतात. विभागणी जीपीटी या नव्या प्रकारची राहिली तर ड्राईव्ह कॉम्प्युटरवर ठणठणीत चालतो आणि गाडी म्हणते ‘यूएसबी नाही’. यामुळे कितीतरी चांगले पेनड्राईव्ह खराब म्हणून टाकले जातात.

मॅकवरून कॉपी केलं तर प्रत्येक गाण्याबरोबर टिंब आणि अधोरेषेने सुरू होणारी एक छोटी लपलेली फाईल तयार होते. काही टेप तीही गाणं समजून वाजवायला जातात आणि अडखळतात. टर्मिनलमध्ये डॉट-क्लीन ही आज्ञा चालवली की त्या निघतात.

फोल्डर: इथे वेळ द्या

सगळ्या कामाचा गाभा हा आहे. गाडी चालवणाऱ्याच्या हातात दोनच गोष्टी असतात, पुढचं-मागचं गाणं आणि पुढचा-मागचा फोल्डर. त्यामुळे फोल्डर ‘गायकाचं नाव’ या एका निकषावर लावू नका. गाडीत माणूस ज्या शब्दांत मागतो त्या शब्दांत लावा. आमच्या घरात कुणी ‘अमक्या अल्बममधलं तिसरं’ असं म्हणत नाही. ‘सकाळचं काहीतरी लाव की’, ‘अंताक्षरीतली जुनी हिंदी असू देत’, ‘आज्जीला दासपदं ऐकायची आहेत’, असं म्हणतात. फोल्डर त्याच मागण्यांचे करायचे.

मी जी रचना सुचवतो ती अशी. वर साधारण पंधरा-वीस फोल्डर, प्रत्येकाला दोन आकडी क्रमांक. ०१ भूपाळ्या आणि सकाळचे राग. ०२ मराठी अभंग. ०३ कन्नड दासपदं आणि वचनं. ०४ नाट्यगीतं. ०५ भावगीतं. ०६ जुनी हिंदी, ०७ नवी हिंदी. ०८ लहान मुलांची. ०९ ते १२ शास्त्रीय, प्रहरांनुसार. १३ वाद्यसंगीत, बोलणं चालू असताना मागे वाजायला. पुढचे क्रमांक रिकामे सोडा, भर पडतेच. एका फोल्डरात दोनशेच्या वर फाईली ठेवू नका. काही टेप एका फोल्डरातल्या २५५ फाईलींनंतर थांबतात. जास्त झाल्या तर ०६अ, ०६ब असे भाग करा, पण फोल्डराच्या आत फोल्डर एकापेक्षा जास्त पातळी नको.

दासपदं आणि अभंग वेगळे ठेवावेत की एकत्र, यावर घरोघरी मतं निराळी असतील. मी वेगळे ठेवायला सांगतो, पण एका कारणासाठी तिसरा मिश्र फोल्डरही करतो. आपल्याकडे एकादशीला किंवा पंढरपूरच्या वाटेवर दोन्ही भाषांतली भक्तिगीतं एकामागून एक चालतात आणि ती तशी ऐकताना फार गोड लागतात. त्यासाठी तीच गाणी दोनदा कॉपी झाली तरी बिघडत नाही, आता जागा महाग राहिलेली नाही.

क्रमांक नेहमी शून्य लावून द्या: १, २, १० नव्हे तर ०१, ०२, १०. शून्य नसेल तर बरेच टेप एकनंतर थेट दहावर जातात. आणि फोल्डरांची यादी एका कागदावर ठळक अक्षरांत लिहून समोरच्या काचेवरच्या सूर्यपडद्याला अडकवा. शेजारी बसलेला माणूस ‘तीन लाव’ एवढंच म्हणतो आणि काम होतं.

नावं, टॅग आणि लिपी

मराठी गाण्यांची नावं देवनागरीत असावीत असं मनापासून वाटतं. घरच्या मूळ संग्रहात ती देवनागरीतच ठेवा. गाडीच्या प्रतीत मात्र आधी चाचणीचा निकाल बघा. पुष्कळ टेपमध्ये देवनागरीचा फॉन्टच नसतो, नावांऐवजी चौकोन दिसतात. काहींत फॉन्ट असतो पण अक्षरजोडणी नसते. मग ‘विठ्ठल’ असा दिसतो: वेलांटी व च्या डावीकडे न येता उजवीकडे पडलेली, आणि पुढे पहिल्या ठ खाली पाय मोडून दोन ठ वेगवेगळे. कन्नड नावांची गत त्याहून वाईट. असा टेप असेल तर गाडीच्या प्रतीत नावं रोमन लिपीत करणंच शहाणपणाचं.

टॅग म्हणजे फाईलच्या आत लिहिलेली गायक, अल्बम, गाणं ही माहिती. बरेच टेप फाईलच्या नावाकडे बघतच नाहीत, टॅग दाखवतात. विंडोजवर एमपीथ्रीटॅग आणि सगळीकडे चालणारा किड३ हे दोन प्रोग्रॅम या कामाला उत्तम. तीन गोष्टी करायच्या.

पहिली, टॅगचा प्रकार आयडीथ्री व्ही२.३ आणि अक्षरं यूटीएफ-१६ ठेवा. व्ही२.४ नवा असला तरी जुन्या टेपना तो नीट वाचता येत नाही. त्याहून जुना व्ही१ पूर्ण काढून टाका. त्यात एका नावाला जेमतेम तीस बाइट मिळतात, देवनागरी तिथे तुकडे होऊन दिसते.

दुसरी, एका गायकाचं एकच स्पेलिंग. मराठी सीडीवर भीमसेन एका स्पेलिंगने येतात, कन्नड सीडीवर दुसऱ्या, कुठे मागे ‘पंडित’, कुठे पुढे ‘आणि साथी’. टेप त्यांना चार निरनिराळे गायक समजतो. मन्सूरांचंही तसंच, मराठीत ‘मल्लिकार्जुन’, कन्नडमध्ये शेवटी आणखी एक ‘अ’. एमपीथ्रीटॅगमध्ये सगळ्या फाईली एकदम निवडा, गायकाच्या रकान्यात एकच नाव टाका आणि जतन करा. साथीदारांची नावं घालवू नका, ती टिपणाच्या रकान्यात ठेवा. तबला आणि हार्मोनिअम कुणाचं हे माहीत असणं ही संग्रह करणाऱ्याची जबाबदारी आहे.

तिसरी, शास्त्रीय संगीतात रागाचं नाव. टेपच्या स्क्रीनवर राग नावाचा रकाना नसतो. रागाचं नाव अल्बमच्या रकान्यात टाका, मग ‘अल्बम’ वर गेलं की यमन, भीमपलासी, जौनपुरी अशी यादी मिळते. गाण्याच्या नावात राग, लय आणि बंदिशीचे पहिले दोन शब्द. खऱ्या अल्बमचं नाव घरच्या मूळ प्रतीत राहू द्या. अभंगांसाठी आणि दासपदांसाठी हाच नियम संतांच्या नावाला: तुकाराम, नामदेव, पुरंदरदास, कनकदास. कुणी गायलं यापेक्षा कुणाचा अभंग हे आपल्याकडे आधी विचारतात.

मुखपृष्ठाचं चित्र लावायचं तर साध्या जेपेगमध्ये, ५०० बाय ५०० पिक्सेलच्या आत. प्रोग्रेसिव्ह जेपेग पुष्कळ टेपना दिसत नाही आणि मोठ्या चित्रांमुळे गाणं सुरू व्हायला वेळ लागतो.

क्रम बिघडतो तो का

उलट्या क्रमाने कॉपी केलेली तीन गाणी चाचणीत ०३-०२-०१ अशीच वाजली असतील, तर तुमचा टेप नाव न बघता फॅटच्या यादीतला क्रम पाळतो, म्हणजे ड्राईव्हवर जे आधी लिहिलं गेलं ते आधी. अशा टेपमध्ये नंतर घातलेलं ०३ क्रमांकाचं गाणं शेवटी जाऊन बसतं. क्रमांक कितीही नीट दिले तरी फरक पडत नाही. लिनक्स आणि मॅकवर फॅटसॉर्ट, विंडोजवर ड्राईव्हसॉर्ट हे छोटे प्रोग्रॅम यादीच नावाप्रमाणे लावून देतात. दर वेळी नवी गाणी घातल्यावर एकदा चालवायचे, दोन मिनिटांचं काम.

दुसरी अडचण सांध्याची. मैफिलीची सीडी उतरवताना विलंबित ख्याल एका फाईलमध्ये आणि द्रुत दुसऱ्या फाईलमध्ये पडतो. मूळ मैफिलीत तिथे खंड नसतो, तान संपते तोच मुखडा येतो. एमपीथ्रीच्या रचनेतच प्रत्येक फाईलच्या आधी-मागे किंचित शांतता भरली जाते आणि गाडीचे टेप ती गाळत नाहीत. नेमका समेवर खड्डा पडतो. उपाय असा: एमपीथ्री करण्याआधीच दोन्ही भाग जोडा. फूबार२००० मध्ये रूपांतर करताना सगळे भाग एकाच फाईलमध्ये घेण्याची सोय आहे. मग पन्नास मिनिटांची एक फाईल होते, ३२० च्या दर्जात १२० एमबीची. गाडी बंद केल्यावर तुमचा टेप जागा लक्षात ठेवत नसेल तर मात्र जोडू नका. निपाणीला चहाला थांबलात की पुन्हा आलापापासून सुरुवात होईल.

आवाजाची पातळी

जुन्या ७८च्या तबकड्यांवरून आलेली तीन-साडेतीन मिनिटांची गाणी हळू वाजतात, नवं सिनेमागीत त्यांच्यामागून आलं की दणका बसतो. गाडी चालवताना दर गाण्याला आवाजाच्या बटनाकडे हात जाणं बरं नव्हे. फोनवरचे प्लेअर रिप्लेगेन नावाचा टॅग वाचून पातळी सारखी करतात, गाडीचे टेप सहसा ते करत नाहीत. त्यासाठी एमपीथ्रीगेन वापरा. हा प्रोग्रॅम फाईल पुन्हा एन्कोड न करता तिच्यातच दीड-दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी पातळी बदलतो, दर्जा उतरत नाही. लक्ष्य त्याच्या मूळ ८९ डेसिबलवरच राहू द्या. मिश्र फोल्डरांना गाण्यागणिक, एका मैफिलीच्या भागांना अल्बमगणिक पातळी लावा, नाहीतर हळुवार आलापही तराण्याएवढाच मोठा होऊन बसतो.

एक गोष्ट अनुभवावरून सांगतो. चोर्ल्याच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये मंद्रातला आलाप ऐकू येत नाही आणि आवाज वाढवला तर पुढची तान कानावर आदळते. घाटासाठी नाट्यगीतं, अभंग, द्रुत बंदिशी. विलंबित ख्यालाला संकेश्वर-निपाणीकडचा सरळ हायवे चांगला.

फोन लावायचा असेल तर

गाडीत अँड्रॉइड ऑटो, म्हणजे फोनमधली ॲप गाडीच्या स्क्रीनवर आणणारी यंत्रणा, असेल तर फोनमधली स्वतःची गाणी व्हीएलसी, पॉवरॲम्प किंवा म्युझिकोलेट यांपैकी एका ॲपमधून गाडीच्या स्क्रीनवर येतात. मेमरी कार्डाची जागा असलेला जुना फोन या कामाला फार चांगला. सिमकार्ड काढा, नको ती ॲप उडवा, कार्डावर संग्रह भरा. फोल्डर आणि टॅगची मांडणी वर सांगितली तीच, शिवाय देवनागरी आणि कन्नड दोन्ही लिप्या नीट दिसतात. ज्यांना लिपीशी तडजोड करायची नाही त्यांनी हाच मार्ग धरावा. आयफोनवाल्यांना कॉम्प्युटरवरून म्युझिक ॲपमध्ये गाणी सिंक करता येतात, तीच कारप्ले या आयफोनच्या तशाच यंत्रणेवर दिसतात. ड्रायव्हिंग करताना या दोन्ही यंत्रणा लांबलचक याद्या मुद्दाम तोडून दाखवतात. म्हणून निघायच्या आधीच सात-आठ प्लेलिस्ट करून ठेवा.

ब्लूटूथवर गाण्याचा दर्जा थोडा उतरतो. गाड्यांमध्ये बहुधा एसबीसी किंवा एएसी ही पद्धत असते, एसबीसीची नेहमीची वरची मर्यादा ३२८ केबीपीएसच्या आसपास. धावत्या गाडीत ते चालून जातं. काही जुन्या टेपमध्ये ब्लूटूथ फक्त कॉलपुरतं असतं. फोन जोडला जातो, गाणं येत नाही. तो बिघाड नव्हे.

ऑक्सची, म्हणजे फोनच्या हेडफोनच्या जागेतून टेपला जाणारी, तार लावली तर फोनचा आवाज ऐंशी-नव्वद टक्क्यांवर ठेवा आणि बाकीचा टेपवरून वाढवा. उलटं केलं तर खरखर वाढते. तार आणि चार्जर एकाच वेळी लावल्यावर इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येत असेल, तर ती अर्थिंगच्या फेऱ्यातून येते. चार्जर काढून बघा. शिट्टी थांबली तर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी तारेत घाला.

गाडी उन्हात उभी करताना फोन डॅशबोर्डवर ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीतली उष्णता बॅटरी फुगवते. आणि चालवताना फोन हातात घेणं २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्यातल्या धोकादायक वाहनचालनाच्या कलमात स्पष्टपणे आलं आहे. फोन स्टँडवर लावा आणि गाणं बदलायचं काम शेजारच्याला द्या.

घरच्या कॉम्प्युटरवर जेलीफिन किंवा नॅव्हिड्रोमसारखा सर्व्हर चालवून इंटरनेटवरून स्वतःचीच गाणी ऐकणारेही आहेत. शहरात छान चालतं. पुष्कळ इंटरनेट कंपन्या घराला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देत नाहीत, त्यामुळे बाहेरून घरच्या सर्व्हरपर्यंत पोचायला टेलस्केलसारखा खाजगी बोगदा लावावा लागतो. खानापूरच्या पुढे त्याचीही गत ऑनलाइन ॲपसारखीच, तेव्हा निघण्यापूर्वी हवी ती गाणी फोनवर उतरवून घ्या.

जुना टेप, नुसता रेडिओ

भाजीची पिकअप घेऊन रोज गोव्याला जाणारे कितीतरी जण अजून नुसत्या रेडिओच्या टेपवर गाडी चालवतात. त्यांच्यासाठी सिगारेट लायटरच्या जागी बसणारा एफएम ट्रान्समीटर पुरतो. त्यात पेनड्राईव्ह किंवा मेमरी कार्ड लावायचं आणि तो एका फ्रिक्वेन्सीवर गाणं सोडतो. रेडिओ त्याच आकड्यावर ठेवायचा. ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आधी रेडिओ फिरवून तीन रिकाम्या जागा शोधा आणि लिहून ठेवा. आपल्याकडे हे महत्त्वाचं आहे, कारण बेळगावात मोकळी असलेली जागा कोल्हापूरजवळ किंवा घाट उतरून गोव्यात गेल्यावर तिथल्या केंद्रांनी व्यापलेली असू शकते. दोन केंद्रांच्या मधोमधची जागा निवडली तर सरमिसळ कमी होते. ट्रान्समीटरला स्क्रीन नसते, म्हणून दर फोल्डराच्या सुरुवातीला फोल्डराचं नाव स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ००१ क्रमांकाने ठेवा: ‘अभंग’, ‘जुनी हिंदी’. फोल्डर बदललं की तेच ऐकू येतं, नजर रस्त्यावरून हलत नाही. ही युक्ती स्क्रीनवाल्या टेपलाही लागू पडते आणि मला ती सगळ्यात जास्त आवडते.

देखभाल

गाडीतला पेनड्राईव्ह ही प्रत असते, मूळ संग्रह घरी राहतो. मूळ संग्रह हार्डडिस्कवर, त्याची आणखी एक प्रत दुसऱ्या डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या घरी. कॅसेटवरून उतरवलेली घरगुती भजनं आणि आजोबांच्या आवाजातली पदं पुन्हा मिळायची नाहीत. कॅसेट उतरवायच्या राहिल्या असतील तर टेपरेकॉर्डरची तार कॉम्प्युटरच्या लाइन-इनला जोडा. ऑडॅसिटीत ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटवर रेकॉर्ड करा, सर्वात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. सुरुवातीलाच कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि मागे फिरवून घ्या, घट्ट बसलेली फीत सुटते आणि चाल एकसारखी राहते.

पेनड्राईव्ह ताजा करायला फ्रीफाईलसिंकची ‘मिरर’ पद्धत वापरा. गाडीसाठीचा फोल्डर डावीकडे, ड्राईव्ह उजवीकडे, आधी तुलना आणि मगच सिंक. डावी-उजवी बाजू उलटी झाली तर घरचीच गाणी पुसली जातात, म्हणून तुलनेची यादी डोळ्यांखालून घाला. मग एमपीथ्रीगेन आधीच झालं आहे ना बघा, फॅटसॉर्ट चालवा, ड्राईव्ह ‘इजेक्ट’ करूनच काढा. गाडीतही टेप चालू असताना उपसू नका. टेप एकाएकी गाणी गाळू लागला किंवा ‘वाचतोय’ असं दाखवत बसला, तर कॉम्प्युटरवर ड्राईव्हची तपासणी करा. दोष पुन्हा आला तर तो ड्राईव्ह बदला आणि घरच्या मूळ फोल्डरवरून नवा भरून घ्या, ३२ जीबी भरायला यूएसबी ३ च्या चांगल्या ड्राईव्हवर अर्धा तासही लागत नाही.